अक्षता पडल्या, सही राहिली

तुळशीचे लग्न लागले की आपल्याकडे माणसांची लग्ने सुरू होतात. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा कित्येक घरांत याद्या झालेल्या असतील, कार्यालयाला विसार गेलेला असेल, आणि मानपानाच्या साड्यांवरून पहिले रुसवेही उरकलेले असतील. अशा मंगल वेळी सरकारी कचेरीचे नाव काढणे म्हणजे फराळाच्या ताटात कडू काढ्याचा पेला ठेवणे, हे मला कळते. तरीही ठेवते. कारण लग्नाच्या यादीत हळकुंडापासून हारतुऱ्यापर्यंत सारे काही असते, एक ओळ मात्र नसते : लग्नाची नोंद.

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या बाईंचे यजमान काही वर्षांपूर्वी अकस्मात वारले. कारखान्यात नोकरीला होते. त्यांचे काही पैसे निघत होते. कारखान्याने बाईंकडे लग्नाचा दाखला मागितला. लग्न झालेले गावी, देवळापुढच्या मांडवात, वीसेक वर्षांमागे. सारा गाव जेवून गेला होता म्हणे. पण लग्न लावणारे गुरुजी केव्हाच निवर्तले होते, पत्रिका उंदरांनी खाल्ली होती, आणि फोटो होते ते दिराकडे. दीर तर पैशाचा वास लागल्यापासून वहिनीला ओळखेनासा झाला होता. मी बाईंबरोबर कचेरीत गेले. खिडकीपलीकडच्या कारकुनाने कागद वरखाली करून सांगितले, “नोंदणीला नवरा-बायको दोघांनी समक्ष हजर राहावे लागते. यजमानांना घेऊन या.”

बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, “साहेब, ते असते तर हा कागद मला कशाला लागला असता?”

कारकून क्षणभर गप्प झाला आणि मग त्याने पुढच्या माणसाला हाक मारली. बाईंना पुढे कोर्टातून वारसाचा दाखला काढावा लागला. त्यात दोन वर्षे गेली, आणि वकिलाची फी पोळ्यांच्या पैशांतून गेली.

त्या कारकुनाला मी घरी येईपर्यंत मनातल्या मनात पुष्कळ बोल लावले. पण नंतर विचार केला तेव्हा वाटले, त्याच्या वहीत नसलेले लग्न तो आणणार कोठून? ते लग्न वहीत यायला हवे होते वीस वर्षांपूर्वी, आणि तेव्हा त्या मांडवात शहाणीसुरती माणसे काही कमी नव्हती.

आपल्या राज्यात याबाबत कायदा नाही असे मुळीच नाही. मुंबई राज्याने विवाहनोंदणीचा कायदा १९५३ सालीच केला. त्याच्या जागी महाराष्ट्राने १९९८ साली नवा केला. त्यानुसार लग्नानंतर नव्वद दिवसांच्या आत विवाहाचे ज्ञापन निबंधकाकडे द्यायचे असते. त्यावर वर, वधू आणि तीन साक्षीदार यांच्या सह्या असतात, आणि लग्न लावणाऱ्या पुरोहिताचीही असते. शहरात हे काम महापालिकेच्या विभाग कचेरीत होते, गावात ग्रामपंचायतीत. १४ फेब्रुवारी २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की, देशातल्या सर्व धर्मांच्या लग्नांची नोंद सक्तीची करा. बालविवाहाला आळा बसावा, एक बायको असता दुसरी करणाऱ्याला पकडता यावे, टाकलेल्या बाईला पोटगी आणि विधवेला वारसा मिळावा, ही कारणे त्या खटल्यात राष्ट्रीय महिला आयोगाने मांडली होती. यातले एक तरी कारण नवरदेवाच्या सोयीचे आहे का, ते पाहा. ही वही मुळात बाईसाठी आहे. म्हणूनच की काय, ती भरण्याची घाई कुणालाच नसते!

यावर घरोघर एक उत्तर तयार असते : “पाचशे माणसांनी अक्षता टाकल्या, अग्नीची साक्ष झाली, आता सरकारी शिक्का कशाला?” अग्नीबद्दल मला आदर आहे, पण तो कोर्टात जबानी द्यायला येत नाही. पाचशे माणसांचे म्हणाल तर ती जेवायला येतात, साक्षीला येत नाहीत. १९६५ साली आपल्याच महाराष्ट्रातला एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बायको जिवंत असताना एका गृहस्थाने गांधर्व पद्धतीने दुसरे लग्न केले होते. न्यायालय म्हणाले, आवश्यक विधी झाल्याचे सिद्ध होत नाही, तेव्हा हे कायद्याच्या अर्थाने लग्नच नव्हे. आणि लग्न नाही तर गुन्हा कसला? गृहस्थ सुटले. मांडव ही साक्ष पुरी पडत नाही, याचा याहून कडवट दाखला मला ठाऊक नाही.

पण शिक्का म्हणजेच लग्न, असे मानणारेही आता निघाले आहेत. विधी नाही, मांडव नाही, कुठल्याशा संस्थेचा कागद घ्यायचा आणि परदेशी जाण्यासाठी नोंदणी उरकायची. अशा एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली त्यांचे कान उपटले : हिंदू विवाह कायद्याखाली विधी झालेलाच नसेल, तर नुसत्या नोंदणीने लग्न होत नाही. गोव्यात तऱ्हा आणखी निराळी. तेथे पोर्तुगीज अमदानीपासून नोंदणीचा शिरस्ता आहे. आधी निबंधकापुढे लग्नाचा इरादा जाहीर करून सही करायची, मुदत गेल्यावर पुन्हा जाऊन दुसरी सही करायची. पहिल्या सहीनंतर देवळात लग्न लागते, घरात सून येते, आणि दुसरी सही राहून जाते. नवऱ्याने टाकल्यावर बाईला कळते की कायद्याच्या लेखी ती लग्नाची बायको कधी झालीच नव्हती. कागद असला म्हणजे झाले, असे नव्हे. कुठला कागद कशाचा, हे तिला कुणी तरी वेळेवर समजावून सांगायला हवे.

इथवर घरच्यांची झाडाझडती झाली. आता सरकारची घेते.

मांडवातल्या लग्नाची नोंद झाली नाही तरी सरकार वीस वर्षे विचारत नाही. पण ज्या मुलामुलीला मांडव मिळत नाही, जात निराळी, धर्म निराळा, घरच्यांचा विरोध, ती दोघे विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायला गेली की हेच सरकार एकदम जागे होते. १९५४ चा हा कायदा. त्यात आधी नोटीस द्यायची. ती कचेरीच्या फळ्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी लावायची. तीस दिवस थांबायचे. आणि त्या अवधीत कुणीही यावे, हरकत घ्यावी! इंग्रजांनी १८७२ साली केलेल्या कायद्यात ही मुदत चौदा दिवसांची होती. स्वातंत्र्य आले आणि चौदाचे तीस झाले. ज्यांना बापाची, भावाची, गावाची धास्ती, त्यांची नावे आणि पत्ते महिनाभर भिंतीवर टांगायचे, ही कुठली काळजी? काही ठिकाणी तर कचेऱ्या घरच्या पत्त्यावरही नोटीस धाडत. दिल्लीच्या उच्च न्यायालयाला २००९ साली ते थांबवावे लागले. अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने २०२१ च्या जानेवारीत असे ठरवले की जोडप्याची इच्छा असेल तरच नोटीस प्रसिद्ध करावी. परंतु तो निकाल त्या प्रांतापुरता. मूळ कायद्यातले कलम आहे तेथेच आहे.

नोटिशीचे समर्थक म्हणतात, मुलीची फसवणूक टळते. नवऱ्याला आधीची बायको असेल तर ती येऊन सांगेल. मला विचारावेसे वाटते, कुठली बायको? खेड्यात टाकून दिलेली ती बाई रोज उठून जिल्ह्याच्या कचेरीतला फळा वाचायला येते काय? फळा वाचतात ते निराळेच लोक, आणि ते काय शोधत असतात हे सर्वांना ठाऊक आहे. त्या पहिल्या बायकोचे लग्न वहीत असते, आणि दुसऱ्या लग्नाच्या वेळी अधिकाऱ्याने ती वही चाळली असती, तर तिला फळ्यापर्यंत यायची गरजच नव्हती. वय पाहायचे तर जन्माचा दाखला आहे. वहीत जे सापडायला हवे ते भिंतीवर शोधायचे, हा आपल्या दफ्तराचा न्याय!

तेव्हा माझे म्हणणे असे : फळा उतरवा आणि वही मांडवात आणा. यात अशक्य काही नाही. विशेष विवाह कायद्यातच सोय आहे की, जास्तीची फी भरली तर अधिकाऱ्याने कचेरीबाहेर, वाजवी अंतरावर, जोडप्याच्या पसंतीच्या जागी येऊन लग्न लावावे. १५ एप्रिल १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि डॉ. शारदा कबीर यांचे लग्न दिल्लीला नोंदणी पद्धतीनेच झाले, आणि तेही बाबासाहेबांच्या राहत्या घरी. जे मोठ्यांच्या घरी होऊ शकते ते हंगामात महिन्याला वीस लग्ने लागणाऱ्या कार्यालयात का होऊ नये? फोटोवाला येतो, केटरर येतो, घोडेवाला येतो. वही घेऊन एक कारकून आला तर कोणता मुहूर्त टळणार आहे? आहेराची वही धरून एक मामा तर दारात बसलेलेच असतात, आणि अमुक काकूंचे एकशेएक रुपये त्या वहीत कधी चुकत नाहीत.

सरकार हे करील तेव्हा करील. आमच्याकडे यंदा मार्गशीर्षात भाचीचे लग्न आहे. मी गुरुजींना विचारले, ज्ञापनावर सही कराल ना? ते म्हणाले, “करीन की! तुम्ही पहिल्याच विचारणाऱ्या. पण कागद मांडवात आणणार कोण?” मेहुण्यांना विचारले तर त्यांनी हात झटकले, “होईल हो सावकाश, पळून चाललंय का काय?” मुलीची आई मात्र काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ती एकटीच जाऊन छापील नमुना घेऊन आली, आणि आता तो फराळाच्या डब्यांमागे, पत्रिकांच्या गठ्ठ्याखाली जपून ठेवला आहे. तीन साक्षीदारांपैकी एक मी. नव्वद दिवस फाल्गुनात भरतात.