रॅम्प ही मेहेरबानी नाही : नांदेड-लातूरमध्ये कायदा कुठे लागू होतो?

सार्वजनिक इमारतींना रॅम्प हवा, हे १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातच होतं. पण 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' या शब्दांनी पळवाट ठेवली.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मुदत घातली. जुन्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून ५ वर्षांत सुगम करायच्या होत्या. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली.

नव्या इमारतींसाठी कलम ४४ महत्त्वाचं. सुगमतेचे निकष पाळले नसतील, तर बांधकाम परवानगी किंवा पूर्णत्वाचा दाखला देताच येत नाही. म्हणजे नांदेड-वाघाळा आणि लातूर महापालिकांच्या हातात खरी चावी आहे.

मग अडलं कुठे? सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुडी प्रकरणात नेमकं हेच सांगितलं: कायदा सक्ती करतो, पण नियम १५ मधले निकष शिफारशीवजा आहेत. न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि केंद्राला ३ महिन्यांत किमान निकष सक्तीचे करायला सांगितलं.

तुमच्या कार्यालयात रॅम्प नाही, किंवा आहे पण चढताच येत नाही? पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. पहिल्या उल्लंघनाला १० हजारांपर्यंत, पुढच्याला ५० हजार ते ५ लाख रुपये दंडाची तरतूद आहे.