खडपावर उतरणारी पाखाडी कुणाची?

मागच्या डिसेंबरात चार दिवस गावी गेलो होतो. असरची नमाज पढून तंगूस, दोन गऱ्या आणि डब्यात थोडी कोलंबी घेऊन निघालो. आमच्या मोहल्ल्यातून खाली खडपापर्यंत एक जुनी पाखाडी उतरते. तिच्या पायऱ्या मी लहानपणी अंधारातही उतरलो आहे. या वेळी अर्ध्या वाटेवर लोखंडी फाटक होतं. आतून रखवालदार आला. "बुकिंग आहे का?" म्हटलं, "नाही, गरवायला चाललोय." त्याने नाव विचारलं. मी सांगितलं. मग त्याने मोबाईल काढून माझा फोटो घेतला आणि म्हणाला, "साहेबांना विचारावं लागेल."

साहेब मुंबईला. भरती काही साहेबांसाठी थांबत नाही. मी परत फिरलो.

हा लेख त्या रखवालदाराविरुद्ध नाही. तोही पोटासाठी परजिल्ह्यातून आलेला. माझं भांडण त्या फाटकाशी आहे, आणि ते बघून "जाऊ दे, मासे बाजारात मिळतात की" म्हणणाऱ्या आपल्या लोकांशी आहे.

आधी ही जागा काय आहे ते सांगतो. दोन कड्यांच्या मधली घळ, तळाला काळा कातळ, त्यात पाणी साचलेली कुंडं. सुकतीला बायका कोयत्या घेऊन कालवं काढायला उतरतात. भरती चढू लागली की हातगरीवाले आपापल्या दगडावर बसतात. काठी नाही, रीळ नाही. तर्जनीवरून सोडलेला तंगूस, टोकाला शिसाचा तुकडा आणि गरी. नशिबात असेल तर तांबोशी, हेकरू, पालू, नाहीतर शेंगाळा. बसणारे कोण? जहाजावरची नोकरी संपवून आलेले म्हातारे, होडी विकावी लागलेला दालदी, शाळा सुटलेली पोरं, नवरा गेलेली एखादी बाई. ज्याच्याकडे होडी नाही, जाळं नाही, डिझेलला पैसे नाहीत, त्याला समुद्राचं एवढंच एक दार उघडं आहे. फाटक लागलं ते त्या दारावर.

याला कोणी हौस म्हणत असेल तर त्याने एकदा आमच्या चाचांना ऐकावं. ते शाळेत फार गेले नाहीत, पण भरतीची वेळ तोंडावर सांगत. तिथीची पाऊणपट करायची, भरतीचा तास मिळतो. अष्टमीला सहाच्या सुमारास, चतुर्थीला तीनच्या. शेजारचे खारवी पंचांगातली तिथी धरत, चाचा चांदाची तारीख धरून त्यात एक-दोन मिळवत. उत्तर दोघांचं एकच येई, कारण चंद्र एकच. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण कोणत्या दगडावर चढतं आणि भांगाला कुठे निवांत बसता येतं, हे त्यांना पाठ होतं. ही विद्या दगडावर बसूनच शिकायची असते. वाट बंद झाली की एका पिढीत ती संपते.

आता युक्तिवाद बघू. पहिला: जागा विकत घेतली आहे, मालक फाटक लावणारच. वरची जमीन घेतली असेल. खालचा खडप कुणी विकला? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 20 प्रमाणे भरतीरेषेखालचा समुद्राचा तळ सरकारचा. सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली बियास नदीकाठच्या एका मोटेलच्या प्रकरणात सांगितलं की समुद्रकिनारा, वाहतं पाणी यांसारखी संपत्ती सरकारकडे जनतेची विश्वस्त म्हणून असते. किनारा नियमन क्षेत्राच्या 1991 च्या अधिसूचनेतच किनाऱ्यावरच्या हॉटेलांना अट होती की लोकांना जायला दोन हॉटेलांमध्ये किमान 20 मीटर जागा मोकळी सोडा. म्हणजे खडप आमचा, हे कायदा मान्य करतो. पण खडप आमचा आणि वाट त्यांची, असं असेल तर तो हक्क घेऊन आम्ही काय पंखांनी उतरायचं?

दुसरा युक्तिवाद: लोक बुडतात, बाटल्या फेकतात. हे खरं आहे. पण बुडतात ते बहुतेक पाठीमागून येणाऱ्या लाटेचं भान नसलेले, सेल्फी काढणारे पाहुणे. पावसाळ्यात उघड्या खडपावर गावातला शहाणा माणूस पाय ठेवत नाही. बाटल्यांचं म्हणाल, तर आपली पोरंही तुटलेला तंगूस कातळावर टाकून येतात, त्यात पक्षी अडकतात. त्याची लाज आपल्याला वाटलीच पाहिजे. कचऱ्यासाठी दंड ठेवा, धोक्याची पाटी लावा. त्यासाठी कुलूप कशाला?

तिसरा युक्तिवाद कोणी उघड बोलत नाही, तो मोबाईलच्या फोटोत असतो. 1993 साली शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटकं उतरली. तेव्हापासून रात्री बॅटरी घेऊन खडपावर बसलेल्या माणसाचं नाव काय, यावर तो मासेमार की संशयित हे ठरू लागलं. गंमत अशी की किनाऱ्यावर लक्ष ठेवायला पोलीस सागर रक्षक दलात घेतात ते याच गावकऱ्यांना. पिढ्यान्‌पिढ्या दगडावर बसणारा माणूस अनोळखी होडी सर्वांत आधी ओळखतो. त्याला हाकललंत तर किनाऱ्यावर बघायला उरेल कोण?

आणि आता आपलं. या जमिनी विकल्या कुणी? आपणच. आखातातला पैसा आटला, भावकीत वाटण्या झाल्या, दलालाने आकडा सांगितला आणि आपण सह्या केल्या. विकायला हरकत नव्हती. पण किती खरेदीखतांत "पाखाडीची वहिवाट कायम" ही एक ओळ लिहून घेतली? पाणी, चारा आणि आग यांत सगळी माणसं भागीदार आहेत, अशा अर्थाची हदीस आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो, माना डोलावतो, आणि सोमवारी निबंधक कार्यालयात भागीदारांना विसरतो.

म्हणून नुसतं हळहळू नका. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल काढा, पाखाडी दाखवली आहे का बघा. सातबाऱ्यावरचा "इतर हक्क" हा रकाना वाचा. वीस वर्षं उघडपणे, विनाअडथळा चाललेल्या वाटेला 1882 चा सुखाधिकार कायदा ओळखतो. म्हाताऱ्यांचे जबाब ते हयात असताना लिहून घ्या. ग्रामसभेत ठराव आणा, आणि खारवीवाड्याला, भंडारवाड्याला बरोबर घ्या. ही पाखाडी एकट्या मोहल्ल्याची कधीच नव्हती.

मी नकाशासाठी अर्ज केला आहे. चाचा आता ऐंशीच्या पुढे आहेत, गुडघे चालत नाहीत. मी फाटकाचं सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "मग कालवांना बायका कुठून जातात?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते ग्रामपंचायतीकडून लेखी हवं आहे.