आग्रा पाठ आहे, बडोदा कधी वाचणार?



मस्तगडला बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळ संध्याकाळी दोन-चार कार्यकर्ते जमतातच. चहा होतो, राजकारण होते आणि कुणाचे तरी काढले जाते. मागच्या महिन्यात एका मुलाचे काढले गेले. "गेला ना परत! समाजाच्या जीवावर शिकला आणि पळाला. बाबासाहेब आग्र्याला उगाच नाही बोलले!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी आल्यावर मात्र झोप लागेना. तो मुलगा का गेला, हे मला माहीत होते आणि तरी मी गप्प बसलो होतो. म्हणून हे लिहितो आहे.

मुलगा आपल्याच वस्तीतला. वडील मोंढ्यात हमाली करायचे. शासनाच्या परदेश शिष्यवृत्तीवर तो ब्रिटनला गेला, पाणी नियोजनात एमएस्सी केली आणि तिथेच नोकरीला लागला. सहा वर्षांनी आई आजारी पडली म्हणून सगळे गुंडाळून परत आला. जायकवाडीच्या पाइपलाइनकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या शहरात पाण्याचे शिकलेला आपला मुलगा परत येतो आहे, म्हणून आम्ही फ्लेक्स लावला. सत्कार केला. शाल, पुष्पगुच्छ, तासभर भाषणे. त्या फ्लेक्सवर माझाही फोटो होता. चौदा महिन्यांनी तो पुन्हा विमानात बसला.

त्या चौदा महिन्यांत आम्ही त्याच्याकडे किती वेळा गेलो? जयंतीची वर्गणी मागायला एकदा, व्याख्यानाला बोलवायला दोनदा. "बाबा, काम लागले का? राहतोस कुठे?" हे विचारायला एकदाही नाही.

नंतर फोनवर त्याने जे सांगितले, ते ऐका. आल्या आल्या पहिली अडचण मोबाइल नंबरची. आधारला जोडलेला जुना नंबर सहा वर्षांत बंद पडलेला, त्यामुळे कुठलाच ओटीपी येईना. बँकेत गेला तर कळले, कायमचे परतल्यावर एनआरई खाते तसेच चालवता येत नाही, ते निवासी खात्यात बदलावे लागते. कॉलेजात शिकवायचे म्हटले तर तिथली एक वर्षाची एमएस्सी इथल्या दोन वर्षांच्या एमएस्सीच्या बरोबरीची धरायची की नाही, यावर कागद या टेबलावरून त्या टेबलावर. शिल्लक पैसा आईच्या दवाखान्यात गेला. शेवटी पुण्यात एका खासगी कंपनीत काम मिळाले, तर खोली मिळेना. फोनवर सगळे ठरायचे. भेटायला गेला की प्रश्न यायचा, "पूर्ण नाव काय म्हणालात?" आणि मग, "मालकांशी बोलून कळवतो." पाच ठिकाणी मालकांशी बोलणे झाले, कळवले कुणीच नाही.

हे ऐकताना तुम्हाला काही आठवते का? मला बडोदा आठवले.

२३ सप्टेंबरला आपण संकल्प दिन पाळतो. १९१७ साली बडोद्याच्या कमाठी बागेत झाडाखाली बसून बाबासाहेबांनी केलेल्या संकल्पावर भाषणे देतो. पण त्या झाडाखाली बसायची वेळ का आली, त्याचा व्यवहार आपण वाचत नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनी तो बारकाईने लिहून ठेवला आहे. अमेरिका आणि इंग्लंडमधून परतलेला, कोलंबिया विद्यापीठाचा एमए झालेला हा तरुण. नोकरी ठरलेली होती, कारण शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदा संस्थानची चाकरी करायची होती. परतीच्या प्रवासात सामान वेगळ्या बोटीने पाठवले, ती बोट महायुद्धात बुडाली आणि पुस्तके समुद्रात गेली. तरी माणूस बडोद्याला पोचला. स्टेशनवर उतरल्यावर पहिला प्रश्न उभा राहिला, तो ज्ञानाचा नव्हता, नोकरीचाही नव्हता. राहायचे कुठे?

परदेशात शिकून आलेले ओळखीचे लोक बडोद्यात होते. पण ते आपल्याला घरात घेतील, याची खात्री त्यांना वाटेना. शेवटी एका पारशी सरायीत, पारशी नाव नोंदवून, रोजच्या दीड रुपयावर, अडगळीने भरलेल्या अंधाऱ्या मजल्यावर ते राहिले. सरकारी बंगल्यासाठी अर्ज केला होता, तो या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव दारात आला. बाबासाहेब दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू, तो म्हणाला घरात घेतले तर नोकर निघून जातील. दुसरा ख्रिश्चन, तो म्हणाला बायकोला विचारावे लागेल. रात्री नऊची मुंबईची गाडी होती. मधला वेळ काढायला ते कमाठी बागेत जाऊन बसले.

फिरणारा अर्ज, दारातला प्रश्न, "विचारून सांगतो" म्हणणारे मित्र. शंभर वर्षांत त्या पुण्यातल्या घरमालकाने नवीन काय शोधले?

माझे म्हणणे असे आहे. आपल्या शिकलेल्या माणसाचे परत येणे ही आपण त्याच्या इमानदारीची परीक्षा करून ठेवली आहे. आला तर खरा आंबेडकरवादी, नाही आला तर गद्दार. प्रत्यक्षात परत येणे ही व्यवस्थेची गोष्ट आहे आणि ती व्यवस्था उभी करणे हे चळवळीचे काम आहे. आपण ते केलेले नाही. १८ मार्च १९५६ चे आग्र्याचे भाषण आपण प्रत्येक स्टेजवरून ऐकवतो. शिकलेल्यांनी दगा दिला, ही बाबासाहेबांची वेदना खरीच होती. पण ती बोलून दाखवणारा माणूस स्वतः एकदा नव्हे, दोनदा परत आला होता आणि परतणाऱ्याला काय लागते ते त्याला पक्के ठाऊक होते.

कसे ते पाहा. पहिली परत येणी बडोद्यात मोडली. मग मुंबईत शिकवण्या, सल्लागारीचा छोटा धंदा, १९१८ पासून सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी. १९२० ला पुन्हा लंडनला गेले, तेव्हा पगारातली बचत होती, छत्रपती शाहू महाराजांची मदत होती आणि मित्र नवल भथेना यांनी दिलेले कर्ज होते. १९२३ ला बॅरिस्टर होऊन परतले, तर वकिलीची सनद काढायला पैसे नाहीत. तेव्हाही भथेना उभे राहिले. राहायला परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्या होत्या आणि ते घर रमाईने धरून ठेवले होते. सॉलिसिटर लोक जातीमुळे काम देत नव्हते, तरी या वेळी मुंबई सुटली नाही. १९१७ च्या आणि १९२३ च्या माणसाची जिद्द एकच होती. फरक पडला तो खोलीने, मित्राने आणि माऊलीने.

आणि त्यानंतर काय केले? २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक काम म्हणजे १९२५ साली सोलापुरात काढलेले वसतिगृह. ज्याला बडोद्यात खोली मिळाली नाही, त्याने संस्था काढली आणि आधी मुलांच्या राहण्याची सोय केली. पुढे १९५० ला आपल्या मराठवाड्यासाठी औरंगाबादला कॉलेज काढले, तेव्हाही नुसते वर्ग बांधले नाहीत, वसतिगृहे उभी केली. आपल्या आजोबांच्या पिढीतली कितीतरी जालन्याची पोरे त्याच नागसेनवनात राहून शिकली. बाबासाहेबांनी बडोद्यावर दिलेले उत्तर ते हेच.

आता आजची परिस्थिती बघू. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती दरवर्षी अनुसूचित जाती आणि नवबौद्धांच्या ७५ विद्यार्थ्यांना मिळते. फी मिळते, निर्वाह भत्ता मिळतो, जाण्या-येण्याचे विमानभाडेही मिळते. म्हणजे शासनाच्या लेखी विद्यार्थी विमानतळावर उतरला की विषय संपला. त्याच्या पदवीचे, अनुभवाचे, कामाचे पुढे काय, हे विचारणारी खिडकी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात नाही. करोडो रुपये खर्चून शिकवलेला माणूस कुठे आहे हेच शासनाला नको असेल, तर तो टिकावा कसा?

शिष्यवृत्तीवाल्यांचेच कशाला घेऊन बसायचे? आखातात वेल्डिंग, ड्रायव्हिंग, सुतारकाम करून परतणारे आपलेच भाऊ आहेत. दहा वर्षांची कमाई घराच्या स्लॅबमध्ये आणि बहिणीच्या लग्नात जाते. तिकडे मोठमोठ्या प्रकल्पांवर काम केलेल्या हाताला इकडे प्रमाणपत्र मागतात आणि ते नसते. परदेशात एमबीबीएस करून आलेल्या मुलींना एफएमजीईची परीक्षा द्यावी लागते, ३०० पैकी १५० गुण हवेत, परीक्षा वर्षातून दोनदा. एकदा हुकली की सहा महिने घरात बसायचे आणि शेजारच्यांचे टोमणे ऐकायचे.

लेकरे घेऊन परतणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. लेकराला जातीचा दाखला काढायचा तर कुटुंब १० ऑगस्ट १९५० पूर्वीपासून महाराष्ट्रात असल्याचा पुरावा लागतो. आपल्या मराठवाड्यात त्या काळच्या नोंदी निजाम राजवटीतल्या, कितीतरी उर्दूत. आजोबा शाळेतच गेले नाहीत, तर दाखला कुठून आणायचा? अधिवास प्रमाणपत्राला पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, तो परदेशात वाढलेल्या लेकराकडे कुठून येणार? हे सगळे अॅडमिशनच्या ऐन महिन्यात कळते आणि तोवर तारीख निघून जाते.

इथे दोन आक्षेप येतील. पहिला: "इतका पगार घेऊन आलेत, त्यांना कसली मदत? मदत वस्तीतल्या गरिबाला करा." गरिबाला मदत केलीच पाहिजे. पण मी पैसे द्या असे म्हणतच नाही. मी ओळख, माहिती आणि चार दिवसांचे छप्पर मागतो आहे. प्रस्थापितांची मुले परत येतात तेव्हा मामाची कंपनी असते, काकांची संस्था असते, वडिलांच्या मित्राचा रिकामा फ्लॅट असतो. त्याला कुणी मदत म्हणत नाही, पण असते ती मदतच. आपल्याकडे मामा मोंढ्यात हमाल आहे. त्या मामाची जागा चळवळीने घ्यायची नाही तर कुणी?

दुसरा आक्षेप तरुणांचा: "परत यायचेच कशाला? तिकडे राहूनही काम करता येते." बरोबर आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातीभेदावर बंदी घातली, ती तिथल्या आंबेडकरी आणि इतर समतावादी लोकांच्या रेट्यामुळेच. जो तिथे राहतो त्याला गद्दार म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. पण ज्याला यायचे आहे, ज्याची आई इथे आजारी आहे, ज्याला जालन्याच्या पाण्यावर काम करायचे आहे, त्याला येता आले पाहिजे. राहायचे की यायचे, हे त्याने ठरवावे. पुण्याच्या घरमालकाने ठरवू नये.

मग करायचे काय? मस्तगडपासून सुरू करू. चार कामे सांगतो, चारही आपल्या आवाक्यातली.

एक, यादी. आपल्या वस्त्यांतले कोण परदेशात आहे, काय शिकले, काय काम करते, कधी परतणार, याची एक वही. जयंतीच्या वर्गणीची यादी आपण घरोघर फिरून करतो, ही का नाही करणार?

दोन, खोली. पुणे, मुंबई, संभाजीनगरला ज्यांची स्वतःची घरे आहेत, अशा आपल्या नोकरदार बांधवांनी परतणाऱ्याला पहिले दोन महिने एक खोली द्यावी, रास्त भाड्याने. एका शहरात पाच घरे निघाली तरी पुष्कळ झाले.

तीन, कागद. रविवारी विहारात दोन तास एक टेबल. बँकेतला आपला माणूस, तहसीलमधला आपला माणूस, एक वकील. येण्याआधीच फोनवर सांगायचे: आधारचा नंबर चालू ठेव, पदवीच्या समकक्षतेचा अर्ज तिथूनच तयार कर (२०२५ साली यूजीसीने त्याचे नवे विनियम आणले आहेत, ते वाच), लेकराच्या जन्माची नोंद भारतीय दूतावासात करून घे, मतदार यादीत नाव घाल.

चार, काम. जालन्यात स्टीलचे कारखाने आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत, सिरसवाडीला आयसीटीचे केंद्र आहे, समृद्धी महामार्ग शहराजवळून जातो. तिथे आपले जे मोजके लोक आहेत, त्यांनी दार उघडून किमान ओळख करून द्यायची. आणि शासनाकडे आपण एक मागणी लावून धरायची: परदेश शिष्यवृत्तीवर शिकून परतलेल्यांची जिल्हावार नोंद ठेवा आणि त्यांच्या विषयातल्या कामाला त्यांना आधी बोलवा.

परवा त्या मुलाला फोन केला. पुतळ्याजवळ काय बोलणे झाले आणि मीही मान कशी डोलावली, ते सगळे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दादा, आई अजून तिथेच आहे. दोन वर्षांनी परत प्रयत्न करणार आहे. तेव्हा फ्लेक्स नका लावू. स्टेशनवर कुणीतरी या."

वही मी घेतली आहे. पहिले नाव त्याचेच लिहिले आहे. येत्या रविवारी संध्याकाळी पुतळ्याजवळ या, बाकीची नावे लिहायची आहेत.

जय भीम! जय भारत!