मुलांना गळ टाकायला न्या, पण स्वतः न्या

पावसाच्या पहिल्या सरी पडल्या की माणिकपुरातल्या आयांची एक ठरलेली तक्रार माझ्या कानी येते. 'डॉक्टर, मुलगा मित्रांबरोबर मासे धरायला जायचं म्हणतो. तुम्हीच जरा दरडावा त्याला!' मी दरडावत नाही. उलट आईवडिलांनाच सांगतो, 'जरूर न्या. मात्र पहिल्यांदा तुम्ही स्वतः न्या.'

वसई हा पाण्याचा मुलूख. एकीकडे समुद्र, दुसरीकडे खाडी, मध्ये मिठागरे आणि वाड्यांमधली बावखले. वलगणीचे मासे चढू लागले की मोठी माणसे घरात थांबत नाहीत, तिथे मुले कशी थांबतील? मनाई केली की ती चोरून जातात आणि चोरून गेलेल्या मुलाजवळ वाचवणारे कोणी नसते. पूर्वी वाडीतली मुले कमरेला सुके नारळ बांधून बावखलात पोहायला शिकत. आता अनेक बावखले बुजली. इमारतीतल्या मुलांना पाण्याची ओढ आहे, पण ओळख नाही. खरा धोका इथे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली. त्यांत जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील बालकांचा. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही, कारण ओरडायला श्वासच उरत नाही. म्हणून काठावर गप्पा मारीत बसू नका. लहान मूल हाताच्या अंतरावरच हवे.

सुरुवात उथळ, संथ पाण्याच्या काठावरून करावी. वलगणीचे वाहते पाणी लहानांसाठी नव्हे. खाडीवर जायचे तर भरती पाहून जा. जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ अंदाजाने काढीत; अष्टमीला सुमारे सहा. ओहोटीच्या गाळात मुलाला उतरवू नये.

गळ बोटात रुतला तर ओढू नका. त्याचे टोक उलटे अडकते आणि मांस फाटते. तसेच डॉक्टरांकडे आणा. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची धनुर्वाताची लस राहिली असेल तर तीही घ्या. शिंगाळ्याचा काटा लागला तर तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास ठेवावा. वेदना कमी होते. पाणी आधी मोठ्याने हात घालून पाहावे. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नये. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टो त्याच वाटेने शिरतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली होती. पाण्यात उतरल्यावर महिन्याभरात ताप, अंगदुखी वा डोळ्यांची लाली दिसली तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

आणि दुर्दैवाने कोणी बुडालेच, तर उलटे टांगण्यात आणि पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नका. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्या, छाती दाबत राहा आणि दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा.

कोणी म्हणेल, इतकी जोखीम कशाला? घरात कोंडून ठेवण्यातही जोखीम आहेच. जी मुले रोज दोनेक तास उघड्यावर घालवतात, त्यांना लांबचे अंधुक दिसून चष्मा लागण्याचे प्रमाण कमी आढळते. शिवाय गळ टाकून तासभर गप्प बसणे मुलांना दुसरे कोण शिकवणार?

तेव्हा पालकहो, या रविवारी मुलाला घेऊन काठावर जा. मासा मिळाला नाही तरी चालेल. पाण्याला कुठे भ्यायचे आणि कुठे नाही, एवढे त्याला कळले तरी पुरे.