आवाज जातो कुठे?

घरातल्या यंत्रांचे बिघाड दोन जातींचे असतात. एक सरळमार्गी. पंखा बंद पडतो आणि तो बंदच राहतो. कारागीर येतो, काय गेले ते पाहतो, बदलतो आणि पैसे घेऊन जातो. दुसरी जात मोठी मानभावी. हा बिघाड येतो नि जातो. कारागीर दारात उभा राहिला, की यंत्र शहाण्या मुलासारखे वागू लागते, आणि तो जिना उतरला, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! घरची मंडळी मात्र उगीचच खोटी ठरतात.

टीव्हीशेजारच्या छोट्या पेटीवर किंवा मोबाइलवर गाणे लावावे, ते रंगात यावे आणि तोच आवाज क्षणभर नाहीसा व्हावा, हा या दुसऱ्या जातीचा बिघाड आज घरोघर आहे. दिवाळीत तर तो हमखास भेटतो. पहाटे उटणे लावताना सनई हवी असते आणि ती नेमकी त्याच वेळी गुदमरते. या बिघाडाचा माग काढण्याचा योग मला अलीकडे दोनदा आला. एकदा साताऱ्याला माझ्या घरी आणि एकदा सांगलीला आक्काकडे. दोन्ही ठिकाणी तक्रार एकच होती, 'मधेच आवाज जातो.' कारणे मात्र उत्तर-दक्षिण निघाली. म्हणूनच हा लेखप्रपंच.

रेडिओच्या काळात आवाज जाण्याचे कोणाला फारसे नवल वाटत नसे. सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ साली सुरू झाले. दूरच्या गावी मध्यम लहरींवर एखादे केंद्र लावले, की दिवसा ते बरे ऐकू येई आणि रात्री लाटेसारखे चढे-उतरे. त्याचे कारण आकाशात होते. सूर्य मावळला, की वातावरणातला, दिवसा या लहरी गिळून टाकणारा विद्युत्भारित थर विरून जातो आणि लहरी त्याहून वरच्या थरावर आपटून खाली येऊ लागतात. जमिनीवरून आलेली लहर आणि आकाशातून परतलेली लहर एकमेकींना भेटतात. कधी एकीला दुसरीची साथ मिळते, कधी दोघी एकमेकींना मारून टाकतात. मग वडीलमंडळी रेडिओला एक थाप मारीत आणि थोड्या वेळाने आवाज परत येई. थापेला उगीचच श्रेय मिळे!

आजच्या पेटीला आकाशाची सबब सांगता येत नाही. तिच्यात आवाज आकड्यांच्या रूपाने साठवलेला असतो. सीडीच्या जातीच्या गाण्यात एका सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, चित्रपटाबरोबरच्या आवाजात बहुधा ४८,०००. हे नमुने एका लयीत, न चुकता बाहेर पडले पाहिजेत. पण पेनड्राइव्हमधून किंवा इंटरनेटवरून ते येतात धक्क्याधक्क्याने. म्हणून पेटी थोडासा साठा हाताशी ठेवते. आपल्या गच्चीवरच्या टाकीसारखेच हे आहे. नगरपालिकेचे पाणी वेळी-अवेळी येते, तरी टाकी भरलेली असली, की नळ चालू राहतो. टाकी कोरडी पडली, की नळ फुसफुसतो. गाणे तुटते तेव्हा पुष्कळदा झालेले असते ते इतकेच.

पण नेहमी इतकेच नसते. आवाज साठ्यातून निघतो, पेटीत उलगडतो, तारेतून किंवा बिनतारी वाटेने जातो आणि स्पीकरमध्ये वाजतो. या चार मुक्कामांपैकी कोठे पाय घसरतो, हे शोधणे म्हणजेच सगळी विद्या. त्यासाठी हत्यार लागते ते वही आणि पेन्सिल. पाळीचा ताप आला, की जुने डॉक्टर औषधाआधी विचारीत, 'किती वाजता चढतो?' इथेही तोच प्रश्न. आवाज गेला, की घड्याळाची वेळ लिहावी आणि गाण्याचे कितवे मिनिट, कितवा सेकंद तेही लिहावे. दोन-तीन दिवसांत वही बोलू लागते.

साताऱ्याच्या माझ्या वहीत गाण्याचे ठिकाण दर वेळी निराळे होते. म्हणजे गाण्याची प्रत निर्दोष होती. घड्याळाच्या वेळा मात्र मोठ्या शिस्तीच्या : सकाळी आठ-सव्वाआठ, दुपारी एक, रात्री साडेआठ. यंत्राला भूक लागत नाही. मग जेवणाच्या वेळा कोणाच्या? स्वयंपाकघरात त्या वेळी मायक्रोवेव्ह भट्टी चालू असे आणि ओट्यावरच, भट्टीपासून दीड हातावर, आमचा ब्लूटूथ स्पीकर गात असे.

अन्न गरम करणाऱ्या त्या भट्टीतल्या लहरी सुमारे २,४५० मेगाहर्ट्‌झच्या असतात. ब्लूटूथही २,४०० ते २,४८० मेगाहर्ट्‌झच्या त्याच आळीत राहतो आणि घरातला जुन्या धर्तीचा वायफायही तिथलाच भाडेकरू. भट्टीतून बाहेर झिरपणाऱ्या लहरी इतक्या क्षीण असतात, की माणसाला त्यांची बाधा नाही. पण ब्लूटूथची कुजबुज त्याहून क्षीण. बिचारा ब्लूटूथ गर्दी टाळण्यासाठी सेकंदाला १,६०० वेळा जागा बदलतो, पण सगळी आळीच गजबजली तर जाणार कुठे? स्पीकर ओट्यावरून उचलून जेवणाच्या खोलीत फडताळावर ठेवला आणि वायफाय ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर नेला. खर्च शून्य. तेव्हापासून वहीत नोंद नाही. मात्र जुन्या वाड्यात राहणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. हा ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा जाड दगडी भिंतीतून फारसा पार जात नाही. तिथे सरळ तार ओढावी. तारेला आळीतल्या गर्दीशी काही कर्तव्य नसते.

सांगलीचे प्रकरण याहून नाजूक होते. कारण तिथे बिघाडाचा आरोप यंत्रावर नव्हताच. तो दाजींच्या कानांवर होता.

दाजींचे वय पंच्याहत्तर. सांगलीच्या गावभागात आयुष्य गेले. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथे 'सीता स्वयंवर' रंगवले त्या गावचा माणूस नाटकवेडा असला, तर नवल ते काय! दाजींचे थोरले बंधू हौशी नाटकांतून कामे करीत. त्यांच्या एका प्रयोगाची कॅसेट घरात होती. बंधू जाऊन पुष्कळ वर्षे झाली. भाच्याने ती कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून दिली आणि टीव्हीखाली नवा लांबट स्पीकर बसवला. दाजी रोज संध्याकाळी ती लावीत आणि रोज म्हणत, "अण्णांचे शब्द जातायत." घरात दुसऱ्या कोणालाच काही गेल्याचे जाणवत नव्हते. आधी सगळे हसले, मग समजूत घालू लागले. सूनबाई प्रेमानेच म्हणाली, "मामंजी, आता वय झालं, एकदा कान दाखवून घेऊ या." दाजींनी वाद घातला नाही. त्यांनी पेटीवर फडके टाकले आणि ऐकणेच सोडले. आक्काने मला फोन केला तो यासाठी. ती म्हणाली, "कानाचं राहू दे, माणूस गप्प झालाय."

वाचकहो, वयाने कान कमी होतो, हे खरेच आहे. पण तो कसा कमी होतो, हे माहीत असले पाहिजे. आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ ही अक्षरे पुसट होतात, चार माणसे एकदम बोलली की गोंधळ होतो. ही उतरण हळूहळू, वर्षानुवर्षे होते. ठराविक वाक्याचा पहिलाच शब्द अर्धा सेकंद गिळायचा आणि पुढचे सगळे स्वच्छ ऐकू द्यायचे, अशी खोडी म्हातारा कान करीत नाही. (एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर मात्र वही-पेन्सिल बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तिथे उशीर महाग पडतो.)

आम्ही परीक्षा घेतली. आठवीतल्या नातीने आधी ते नाटक मोबाइलवर, कानांत बोंडे घालून ऐकले आणि प्रत्येक विरामानंतरचा पहिला शब्द कागदावर लिहून काढला. मग तोच प्रवेश स्पीकरवर लावला. दाजी आरामखुर्चीत, नात त्यांच्याकडे पाठ करून कोपऱ्यात. जो शब्द ऐकू आला नाही, त्याची दोघांनी आपापल्या कागदावर खूण करायची. अर्ध्या तासाने कागद शेजारी शेजारी ठेवले. नातीच्या अकरा खुणा, दाजींच्या बारा. अकरा जुळल्या. बाराव्या वेळी आपण चकलीच्या डब्याकडे पाहत होतो, असे नातीने स्वतःच सांगितले!

आता इतरांना ते का जाणवले नाही, तेही कळले. अण्णा विराम मोठे घेत. विरामानंतर वाक्याचा पहिला शब्द हळू टाकीत. तो शब्द गेला तरी उरलेल्या वाक्याला अर्थ राही. ज्याला संहिता ठाऊक नाही, त्याच्या दृष्टीने काही हरवलेच नव्हते. दाजींना ती तोंडपाठ होती.

राहिला प्रश्न, शब्द खाल्ला कोणी? शब्द दर वेळी त्याच जागी जात होता, म्हणून भाच्याने प्रतच सदोष ठरवली होती. पण मोबाइलवर तीच प्रत चोख वाजली. म्हणजे प्रत निर्दोष, आणि तरीही जागा तीच. त्या जागांत समान काय होते? शांतता. हल्लीचे पुष्कळ स्पीकर विजेच्या बचतीसाठी किंवा खरखर लपवण्यासाठी, काही सेकंद आत येणारा आवाज फार बारीक झाला, की डोळा लावतात. एखाद्या दरवानासारखे. पुढचा शब्द दारावर थाप देतो, दरवान दचकून उठतो, कडी काढतो. तोवर पहिला पाहुणा बाहेरच राहिलेला असतो.

या डुलकीला घरातले एक निमित्तही होते. मुलांच्या अभ्यासासाठी सूनबाई रिमोटने पेटीचा आवाज कमी करी, आणि ऐकू येईना म्हणून दाजी स्पीकरचा वाढवीत. खोलीतला आवाज तितकाच राही, पण पेटीतून स्पीकरकडे जाणारा ओघ अगदी बारीक झालेला असे. त्यात विराम आला, की स्पीकरला वाटे, गाव झोपले. उपाय उलटा केला. पेटीचा आवाज जवळजवळ पूर्ण आणि स्पीकरचा बेताचा. शिवाय स्पीकरच्या मांडणीत वीजबचतीची सोय होती, ती बंद केली. अकराच्या अकरा शब्द परत आले. दाजी काही बोलले नाहीत. त्यांनी पेटीवरचे फडके घडी करून कपाटात ठेवले. सूनबाईने आपण होऊन त्यांना पेढा दिला. पुढे दाजींनी कानही तपासून घेतले. वयाप्रमाणे थोडी उंच पट्टी गेली आहे, एवढेच निघाले.

या दोहोंखेरीज नेहमी भेटणारी कारणे थोडक्यात सांगतो. एचडीएमआयची तार ढिली असेल किंवा भिंतीशी मुडपली असेल, तर चित्र टिकते आणि आवाज तुटतो, असेही होते. दुसरी तार लावून पाहावी. फिरती हार्ड डिस्क टीव्हीच्या यूएसबी खाचेत लावली, तर पुष्कळ जुन्या खाचांतून अर्धा अँपियरच प्रवाह मिळतो. तो अपुरा पडला, की तबकडी मधेच अडखळते. तिला स्वतंत्र वीज द्यावी. दर गाण्याच्या किंवा जाहिरातीच्या आरंभी आवाज क्षणभर जात असेल, तर आवाजाचा साचा बदलतो आहे आणि स्पीकर नव्या साच्याशी जुळवून घेतो आहे, असे समजावे. टीव्हीच्या मांडणीत आवाज 'पीसीएम' या साध्या साच्यावर ठेवला, की बहुधा हे थांबते. आणि केवळ इंटरनेटवरच्या गाण्यांतच खंड पडत असेल, तर ती आपली गच्चीवरची टाकी. तेच गाणे उतरवून घेऊन वाजवावे.

पथ्य एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तार, पेनड्राइव्ह आणि स्पीकर तिन्ही एकदम बदलले आणि आवाज सुधारला, तर दोषी कोण, हे कधीच कळत नाही. आणि दोषी घरातच राहतो. सांगलीच्या शेजारी मिरजेला तंबोरे बनवणारे कारागीर आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याची जवारी लावताना हे लोक एकेक तार घेतात. घोडी घासायची, तारेखालचे सूत केसभर सरकवायचे, कान लावायचा, मग पुन्हा सरकवायचे. चारही तारा एकदम सरकवणारा कारागीर तिथे मिळणार नाही.

तेव्हा यंदा फराळाच्या डब्याशेजारी एक छोटी वही ठेवा. आणि घरातले कोणी वडीलधारे माणूस म्हणाले, "आवाज जातोय," तर त्यांचे वय काढू नका. आधी विचारा, "किती वाजता? आणि कोणता शब्द गेला?"