बॅटरीत पाणी कोण घालतं?

खूप दिवसांनी लिहायला बसलोय. "तुझ्या त्या गाडीचं पुढे काय झालं रे?" असं आत्याने फोनवर दोनदा विचारलं, म्हणून आज गाडीबद्दलच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : गाडी म्हणजे जुनी ओम्नी. मागची सीट काढून झोपायला फळी टाकली, टपावर १०० वॅटचं सोलर पॅनेल बसवलं आणि फळीखाली घरच्या इन्व्हर्टरला लावतात तसली १०० अँपिअर-अवरची बॅटरी आवळून बांधली. तिचा गॅस बाहेर जायला नळीसुद्धा काढली. झालं आमचं फिरतं घर. २०२१ साली महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, तेव्हा मित्र म्हणाले, "घे, आता तुझ्या खुळाला राजमान्यता मिळाली." :)

मग हिशोब. १२ व्होल्ट गुणिले १०० म्हणजे बॅटरीत १२०० वॅट-अवर, म्हणजे साधारण सव्वा युनिट. पण अशी बॅटरी निम्म्याच्या खाली नेली की तिचं आयुष्य घटतं. म्हणून हाताशी फक्त ६००. पॅनेल हिवाळ्यातल्या स्वच्छ दिवशी ३००-३५० देतं. ९ वॅटचा दिवा पाच तास लावला तर ४५ जातात, फोनला १५ आणि रात्रभर छोटा पंखा लावला तर दीडशेच्या आसपास. इथवर सगळं छान जमत होतं. पण हौसेने छोटा फ्रीज घेतला आणि तो एकटाच दिवसाला ४००-५०० खाऊ लागला. घरी महिन्याचं बिल येतं तेव्हा युनिट हा नुसता आकडा असतो. टपावरचं ऊन मोजून वापरायला लागलो तेव्हा मला युनिट म्हणजे काय ते कळलं.

तर डिसेंबरात कसाऱ्याहून विहिगाव, खोडाळा करत मोखाड्याकडे निघालो. पुढे जव्हार आणि दाभोसा धबधबा असा बेत होता. वाटेत एका पाड्याजवळ विचारून गाडी लावली. ऊन लागतंय म्हणून मस्त आंब्याखाली. थोड्या वेळाने एक म्हातारे बाबा आले. गाडीभोवती एक चक्कर मारली, टपाकडे पाहिलं आणि हसून म्हणाले, "पाटी सावलीत कशाला ठेवली दादा?"

चूक अगदी बरोबर पकडली होती. पॅनेलच्या थोड्या भागावर सावली पडली तरी वीज निम्म्याहून खाली येऊ शकते. मी गाडी उन्हात काढली. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला : "बॅटरीत पाणी घालता ना?"

मी "हो हो" म्हणालो. खरं तर शेवटचं कधी घातलं होतं ते आठवत नव्हतं.

बाबांनी घरी नेऊन दाखवलं. कौलांवर पॅनेल होतं, धुळीने माखलेलं पण धड. खूप वर्षांपूर्वी कुठल्याशा योजनेत आलेला सौर दिवा. दोन पावसाळे छान चालला. मग बॅटरीतलं पाणी आटलं. तिला विहिरीचं पाणी चालत नाही, डिस्टिल्ड लागतं आणि ते मिळणार मोखाड्याच्या बाजारात. त्यासाठी जीपचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी बुडवायची. बसवणारे परत आले नाहीत. बॅटरी भंगारात गेली आणि तिच्या पेटीत आता बियाणं ठेवतात. पुढे खांबावरची वीज आली, पण पावसाळ्यात ती गेली की कधी दोन-दोन दिवस येत नाही, असं बाबा सांगत होते. त्या रात्री पाड्यातली चार पोरं फोन चार्ज करायला गाडीशी आली. मी फ्रीज बंद केला. एवढंच माझ्या हातात होतं.

मला जे म्हणायचंय ते हे. पॅनेल वीस-पंचवीस वर्षं टिकतं, पण बॅटरी नीट जपली तर चार-पाच वर्षं आणि नाही जपली तर दोन. आपण फोटो काढतो पॅनेल बसवल्याच्या दिवसाचा. तिसऱ्या वर्षी तिथे कोण जाणार, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते ज्या योजनेत नव्या बॅटरीचे पैसे आणि पाणी घालणारा पाड्यातलाच एक माणूस आधीपासून धरलेला नाही, ती योजना दोन पावसाळ्यांचीच समजावी. कुणी म्हणेल, आता लिथियम आली, तिला पाणी लागत नाही. खरं आहे आणि ती टिकतेही जास्त. पण तिच्या आतलं सर्किट बिघडलं की बाबांना मोखाड्यातही कुणी दुरुस्त करून देणार नाही. माणूस लागतोच.

जिथे जमेल तिथे बॅटरीच टाळावी हेही मला पटतं. मध्य वैतरणा धरण याच मोखाड्यात आहे. २०१४ पासून ते मुंबईला पाणी देतं आणि इथल्या बायका मात्र उन्हाळ्यात हंडा घेऊन दरी उतरतात. जव्हारच्या प्रगती प्रतिष्ठानसारख्या संस्थांनी या भागात सौर पंपाने पाणी वर चढवायची कामं केली आहेत. दिवसा ऊन असताना पंप चालतो आणि उंचावरची टाकी भरते. संध्याकाळी नळ सोडला की पाणी आपोआप उतरतं. म्हणजे टाकी हीच बॅटरी! तिला डिस्टिल्ड पाणी लागत नाही आणि गळली तर गावचा गवंडी बघतो. पंपालाही देखभाल लागतेच, पण दर दोन-चार वर्षांनी बॅटरी बदलायचा खर्च तरी नाही.

असो. आत्याच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. त्या ट्रिपनंतर महिन्याभरात माझीही बॅटरी मेली. झाकणं उघडली तर प्लेटा कोरड्या. दोन वर्षंच झाली होती. म्हणजे बाबांच्या बॅटरीइतकीच टिकली, आणि माझ्या घराखाली तर डिस्टिल्ड पाण्याचं दुकान आहे! मला निमित्त काहीच नव्हतं. फरक इतकाच की मी नवी बॅटरी एका दुपारीत आणली.

तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला झाकणं उघडून पाहतो. फ्रीज मामेभावाला देऊन टाकला. गाडी ठीक आहे, आत्या.