डोस वाढवण्याआधी विषाणू शोधा

हिपॅटायटिस ई म्हटले की आपल्याला आठवते ती सांडपाणी मिसळलेल्या पाण्याची कावीळ. डोळे पिवळे होतात, अन्न नकोसे होते आणि बहुतेक जण महिना-दीड महिन्यात कामाला लागतात. गरोदर बायकांच्या जिवावर ती उठते, पण यकृतात ठाण मांडून बसत नाही, असे डॉक्टरही बरीच वर्षे मानत होते. २००८ साली फ्रान्समधल्या तुलूझच्या नासिम कमार आणि सहकाऱ्यांनी या विषाणूची लागण झालेल्या १४ प्रत्यारोपण-रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यातल्या ८ जणांच्या शरीरातून तो गेलाच नव्हता.

कारण उघड आहे. दुसऱ्याचा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमससारखी औषधे रोज घ्यावी लागतात. ती ज्या पेशींना आवरतात, त्याच पेशी विषाणूला हुसकावत असतात. अशा रुग्णाचे डोळे बहुधा पिवळे होतच नाहीत. थोडा थकवा, यकृताच्या रिपोर्टमध्ये जरासा वाढलेला एसजीपीटी, एवढेच. ते तसेच राहू दिले तर काहींच्या यकृताचा दोन-तीन वर्षांत सिऱ्होसिस होतो.

त्याहून वाईट आहे ते चुकीचे निदान. यकृत प्रत्यारोपण झालेल्याचा एसजीपीटी वाढला की पहिला संशय रिजेक्शनचा येतो, आणि रिजेक्शनवर उपाय म्हणजे प्रतिकारशक्ती आणखी दाबणे. विषाणूला हवे तेच आपण करतो. अँटिबॉडीची चाचणी निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होण्यातही अर्थ नाही. प्रतिकारशक्ती दाबलेले शरीर अँटिबॉडी बनवेलच असे नाही. रक्तात विषाणूचा आरएनए शोधावा लागतो.

तोही प्रत्येक वेळी सापडत नाही. हाँगकाँगमध्ये यकृत प्रत्यारोपण झालेल्या एका गृहस्थाचे यकृत सतत बिघडलेले दिसत होते आणि आरएनए शोधणारी नेहमीची पीसीआर चाचणी मात्र निगेटिव्ह येत होती. हाँगकाँग विद्यापीठाच्या संशोधकांनी वेगळी चाचणी लावली तेव्हा तो उंदरांमधला हिपॅटायटिस ई निघाला. माणसातली ही पहिली नोंद २०१८ मध्ये जाहीर झाली. रिपोर्टवर समाधान न मानणारे डॉक्टर भेटले, म्हणून तो रुग्ण बरा झाला.

उपाय आहे, म्हणूनच निदानाला होणाऱ्या उशिराचा राग येतो. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचा डोस जपून कमी केला की सुमारे एक तृतीयांश रुग्णांत विषाणू जातो. उरलेल्यांसाठी रिबाव्हिरिन हे विषाणूविरोधी औषध आहे. २०१४ च्या फ्रेंच अभ्यासात ते घेतलेल्या ५९ पैकी ४६ जण विषाणूमुक्त झाले.

भारतातल्या साथी मुख्यतः या विषाणूच्या पहिल्या जनुकीय प्रकाराच्या असतात. चिवट आजार बहुतांशी तिसऱ्या-चौथ्या प्रकारातून येतो, डुकराच्या अर्धकच्च्या मांसातून किंवा दान केलेल्या रक्तातून. ब्रिटनमध्ये २०१७ पासून दान केलेले सर्व रक्त या विषाणूसाठी तपासले जाते. आपल्याकडे रक्तपेढ्यांच्या सक्तीच्या चाचण्यांत तो नाही. निदान प्रत्यारोपण-रुग्णांना द्यायच्या रक्ताची तरी ही तपासणी व्हावी. एसजीपीटी काही महिने चढा असेल, तर डोस वाढवण्याआधी आरएनए चाचणी हा रुग्णालयाचा नियम हवा. रुग्णांनी डोस आपल्या मनाने कमी-जास्त करू नये, आणि गावठी कावीळ-औषधाच्या वाटेला तर मुळीच जाऊ नये.